गेटपासवरचे डोळे

भिलाईत कुरुदला राहत होतो तेव्हा आमच्या घरात सेफ्टी बूटांचा एक जोड होता, आणि तोही निम्माच आमचा. उरलेला निम्मा शेजारच्या बिसेनकाकांचा. बाबा आणि काका दोघेही पोलादाच्या प्लांटमध्ये ठेका मजूर. बूट नसले की गेटवरूनच परत पाठवत, म्हणून दोघांनी मिळून एक जोड घेतलेला. काका सकाळपाळीला, बाबा दुपारपाळीला. काका गेटबाहेर येईपर्यंत बाबा चपलेवर उभे राहत, मग रस्त्याच्या कडेला बसून बूट बदलत. काकांचा पाय नऊ नंबरचा, बाबांचा सात. पुढे बोटांशी आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबायच्या. रोज उशीर, रोज सुपरवायझरची बोलणी.

ठेका संपला की गेटपास संपायचा. नवा ठेकेदार आला की नवा पास, नवा फोटो. एकदा फोटो काढताना बाबांची पापणी लवली. पास ऑफिसच्या माणसाने फोटो बाद केला आणि तीन दिवसांनी यायला सांगितलं. ते तीन दिवस बाबा घरी बसले. घरात कण्या होत्या, त्यात आईने पाणी वाढवत नेलं. तिसऱ्या दिवशी ताटात पाणी जास्त आणि कण्या कमी होत्या. मी सात-आठ वर्षांची असेन, पण ते ताट मला आठवतं.

त्यानंतर बाबांनी कुठल्याही कॅमेऱ्यासमोर पापणी हलवली नाही. शेवटच्या गेटपासवरचा त्यांचा फोटो असा आहे की समोरून काहीतरी अंगावर येतंय आणि माणूस बाजूला व्हायचं विसरलाय. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा ते काविळीने गेले. तो पास ठेकेदाराने परत मागायला हवा होता, त्याने मागितला नाही. बाबांचा तेवढाच एक फोटो आमच्याकडे राहिला.

मी बी.कॉम. झाले. बाबांच्या आणि आईच्या, दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेज पूर्ण केलेली पहिली मी. हे मी मधूनमधून सांगत असते, वाचकांनी चालवून घ्यावं. बँकेच्या परीक्षा दिल्या, लागले नाही. सुपेल्यात एका फ्लेक्स छापणाऱ्याकडे कॉम्प्युटरवर बसले. तिथे छापणं शिकले, मग लावणं शिकले, आणि आता वैशाली नगरला माझं स्वतःचं दुकान आहे. गाड्यांवर स्टिकर, पट्टे, नावं, जाहिराती, सगळं लावते. दुकानात बाई बघून नवं गिऱ्हाईक विचारतं, "भैया कहाँ हैं?" मी म्हणते, "भैया यही है, गाड़ी अंदर लो."

आमच्या धंद्यातली सगळ्यात चमत्कारिक वस्तू म्हणजे जाळीची फिल्म. गाडीच्या मागच्या काचेवर एखाद्याचा मोठा फोटो तुम्ही पाहिला असेल. बाहेरून चित्र दिसतं, आत बसलेल्याला मात्र आरपार रस्ता दिसतो. लोकांना यात जादू वाटते. जादू काही नाही. फिल्मला बारीक भोकं असतात, जवळजवळ निम्मी जागा भोकांचीच. बाहेरची बाजू पांढरी, तिच्यावर छपाई. आतली बाजू काळी. आपला डोळा उजेडाकडे धावतो. बाहेरच्याला छपाई दिसते, भोकं दिसत नाहीत. आतल्याला काळ्यातून पलीकडचा उजेड दिसतो, चित्र दिसत नाही. तुम्ही ज्याच्याकडे बघता, त्याच्याच आरपार दुसरा कुणी तुमच्याकडे बघत असतो.

ही फिल्म कोरडीच लावायची. साधं स्टिकरचं विनाइल साबणाच्या पाण्यावर सरकवता येतं; इथे पाणी भोकांत शिरलं की काम गेलं. काच स्पिरिटने तीनदा पुसायची, वरून टेपने टांगायची, कागद थोडा थोडा सोडत फेल्टच्या पट्टीने मधून कडेला दाबत यायचं. वरून पारदर्शक लॅमिनेशन हवं, नाहीतर धूळ भोकांत बसते आणि आमच्याकडची धूळ लाल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे छापून निघालेली फिल्म एक दिवस वाळू द्यायची. शाईतलं रसायन उडून गेलं नाही तर ते खाली गोंदात उतरतं. जिथे शाई दाट, तिथे गोंद बिघडतो. हा नियम मी शिकवते आणि हा नियम मी मोडला, ते पुढे येईल.

आता पोलीस काचेवरची फिल्म उतरवायला लावतात, म्हणून हे काम कमी झालंय. पण मधली काही वर्षं माझ्याकडे येणाऱ्या फोटोंमधला प्रत्येक दुसरा फोटो मेलेल्या माणसाचा असायचा. बाप, भाऊ, मुलगा. खाली नाव, वर हार, दोन बाजूंना ज्योती. गाडी ज्याच्या कष्टाची, तो गाडीच्या पाठीवर. एक म्हातारे ट्रान्सपोर्टवाले तर स्वतःचाच फोटो घेऊन आले आणि नावाआधी 'स्वर्गीय' लावायला सांगितलं. मी म्हटलं, "बाबूजी, आप तो सामने बैठे हैं." ते म्हणाले, "बेटा, बाद में ये लोग सस्ता वाला लगवाएँगे." लॅमिनेशनसकट करून घेतलं आणि गुंडाळी काखेत मारून गेले. वर्षभराने तीच गुंडाळी घेऊन त्यांचा मुलगा आला. मी लावली. चेहरा ओळखीचा होता, पण बोलणं झालेल्या माणसाचा चेहरा काचेवर दाबताना हात जरा हळू चालतो.

अडचण अशी की गरिबाच्या घरी मेलेल्याचा चांगला फोटो नसतो. लग्नातल्या घोळक्यातला असतो, नाहीतर आधारकार्डावरचा. नखाएवढा चेहरा दोन हात मोठा करायचा. कपाळ, गाल, शर्ट सांभाळून घेता येतो. डोळ्यांचं मात्र पीठ होतं. आणि घरचे लोक बघतात ते डोळेच.

पहिल्यांदा एका भाजीच्या टेम्पोवाल्याच्या भावाचा फोटो असा आला. दोन तास खटपट केली. माझ्या कॉम्प्युटरवर बाबांचा गेटपास स्कॅन करून ठेवलेला होता. सहज त्यातले डोळे उचलून बसवून बघितले. रंग थोडा सावळा केला, कडा मऊ केल्या. बसले. नुसते बसले नाहीत, फोटो जिवंत झाला. टेम्पोवाला पडद्यासमोर उभा राहिला आणि रडायला लागला. "बिल्कुल ऐसे ही देखता था," म्हणाला.

डोळे कुणाचे ते मी सांगितलं नाही. मला त्या वेळी अभिमानच वाटला.

मग ती सवय झाली. कॉम्प्युटरवर एक फोल्डर केला, त्याचं नाव 'आँखें १'. आँखें २ कधी झालाच नाही. दुसऱ्या माणसांचे डोळे लावून बघितले, ते परक्या चेहऱ्यावर परके दिसत. बाबांचे कुणालाही बसत. म्हातारा, तरुण, गोरा, काळा, कुणीही. असं का, ते मला अजून सांगता येत नाही. सहा-सात वर्षांत एकोणीस गाड्यांवर ते गेले.

पहिली शंका आईला आली. सुपेल्याच्या बाजारातून परत येऊन ती पिशवी न ठेवताच म्हणाली, "एका टेम्पोवर तुहा बाप होता."

"बाबांचा फोटो कोण लावेल, आई?"

"तोंड दुसऱ्याचं होतं. पाहून तोच राहिला होता." मग पिशवी ठेवली. "मले पाहून बाजूले झाला नाई. तसाच पाहत गेला."

मी हसण्यावारी नेलं. आमच्या घरी बुद्धवंदना होते, भूतपिशाच्च मानायचं नाही हा बाबांचाच नियम. पण त्यानंतर मलाही दिसू लागलं. एरवी आपण गाडी चालवताना पुढच्या गाडीकडे कुठे निरखून बघतो? मी निरखू लागले.

एक दुपार सांगते. मे महिना, तीनचा सुमार. रेल्वे फाटक बंद होतं. गरमीमुळे सगळ्यांनी गाड्या बंद केलेल्या. माझी स्कूटी मधोमध अडकली. पुढे एक टेम्पो होता, त्याच्यावर एक म्हातारबाबा. डावीकडे तिरपी उभी राहिलेली व्हॅन, तिच्यावर एक मिशीवाला तरुण. उजवीकडे ऑटो, त्याच्या मागच्या रेक्झिनवर चिकटवलेला एक तिसराच. तीन मेलेली माणसं, तीन नावं, तीन हार. नजर एकच. आगगाडी यायला वेळ लागला. इतकी माणसं असून कुणी बोलत नव्हतं. मी मान खाली घातली तर टेम्पोच्या बंपरवर, चकचकीत पत्र्यात, माझ्याच तोंडावर तीच नजर उलटी. शेवटी मीच डोळे मिटून घेतले. फाटक उघडलं तेव्हा मागच्याने हॉर्न दिला म्हणून कळलं.

तरीही मी तो फोल्डर काढला नाही. गिऱ्हाईक खूश होऊन जात होतं. शिवाय, खरं सांगायचं तर, माझे बाबा पासाशिवाय गेटच्या आत जाऊ शकले नव्हते आणि आता सगळ्या भिलाईभर फिरत होते, हेही मला कुठेतरी बरं वाटायचं.

त्याच दिवसांत जुनवानीच्या गिरजाबाई आल्या. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, नवरा प्लांटमधून रिटायर होऊन वारलेला. त्यांचा मुलगा देवानंद शाळेची व्हॅन चालवायचा, तो दहा दिवसांपूर्वी तापाने गेला होता. व्हॅन बाईंच्या नावावर होती. तेरवीच्या आत देवाचा, म्हणजे देवानंदचा, फोटो गाडीवर हवा, एवढंच त्यांचं म्हणणं. फोटोत देवानंद खळखळून हसत होता आणि हसताना डोळे मिटले होते. मी नेहमीचं केलं. डोळे उघडे बसवले, लांबून दिसावेत म्हणून भुवया, मिशी, केस सगळं गडद केलं. छपाई दुपारी निघाली आणि संध्याकाळच्या आत लावून दिली. वाळू दिली नाही. बाईंची घाई होती, आणि दुःखाच्या घरातल्या माणसाला 'उद्या या' म्हणणं मला जमलं नाही.

व्हॅनवर मग पगारी ड्रायव्हर लागला. दोन वर्षांनी तो सोडून गेला. मला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, आरशात बघितलं की मागे कुणीतरी आहे असं वाटतं. मी त्याला दुकानात आणून, दुसऱ्या एका गाडीत बसवून दाखवलं की आतून चित्र दिसूच शकत नाही, काळं असतं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दिखता नहीं है दीदी. देखता है."

आता मुद्द्याची गोष्ट. देवानंदची बायको सुनीता. दहावी झालेली, अंगाने किरकोळ, बोलायला कमी. ड्रायव्हर गेल्यावर तिने कुणाला न विचारता गाडी शिकून घेतली, लायसन्स काढलं, आणि शाळेत जाऊन सांगितलं की व्हॅन मी चालवीन. शाळेने तयारी दाखवली. दोन अटी होत्या. काचेवर फिल्म चालणार नाही, आणि सोमवारच्या आत गाडीमालकाच्या सहीचं संमतीपत्र पाहिजे. नाहीतर तो मार्ग दुसऱ्या व्हॅनला जाईल. घरात दुसरी कमाई नव्हती. सासू, सून आणि पाच वर्षांची नात पिहू, तिघींचं सगळं त्या मार्गावर होतं.

शुक्रवारी दुपारी सासू-सून व्हॅन घेऊन दुकानात आल्या. सुनीताच्या हातात संमतीपत्राचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. गिरजाबाई म्हणाल्या, "हळू काढजो वं बाई. लागन त्याले."

मी खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. उन्हाने जुनी झालेली फिल्म भोकाभोकावर तुटते, अख्खी निघत नाही. थोडी गरम हवा द्यायची आणि बोटभर बोटभर सोलायची. ज्योती निघाल्या, नाव निघालं, हार निघाला. हनुवटी निघाली, दात निघाले. मग मी कपाळापर्यंत गेले आणि मागे सरकून बघितलं.

चेहरा गेलाच नव्हता. छपाईचा शेवटचा तुकडा माझ्या हातात होता आणि काचेवर माणूस होता. जिथे शाई दाट होती तिथला गोंद फिल्मबरोबर न येता काचेलाच बसला होता. केस, भुवया, मिशी, डोळे. पांढरे भाग स्वच्छ सुटले होते, म्हणून हसू गेलं होतं. हसू गेल्यावर जे उरलं ते वटारलेलं होतं. मी बघत होते तोवर रस्त्यावरून एक ट्रक गेला, धुळीचा लोट आला आणि ती लाल धूळ फक्त गोंदावर बसली. डोळे आमच्यासमोर गडद होत गेले.

मी थिनरची बाटली उचलली. दहा मिनिटांचं काम होतं. गिरजाबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांब. हा देवा नाई."

"गोंद आहे हो, मावशी. पुसला की जाईल."

"गोंद आहे ते मले दिसते. गोंद कोनाचा आहे ते सांग." त्या काचेजवळ गेल्या. "माह्या पोराचे डोळे बारके. हसला का मिटून जात. हार होता तवा म्या हाराकडंच पाह्यलं. हा दुसराच मानूस आहे. दोन वर्सं माह्या नातीच्या मागं बसून राहिला."

सुनीता तेव्हा पहिल्यांदा बोलली. "पिहू याले पापा म्हनतच नव्हती. अंकल म्हने. आमी तिले रागावलो."

मी भाषण दिलं. शाई, रसायन, ऊन, गोंद. बी.कॉम.ला रसायनशास्त्र नसतं, पण मी अगदी प्रोफेसरसारखं समजावलं. गिरजाबाईंनी संपेपर्यंत वाट बघितली.

"झालं सांगून? तुह्या कॉलेजात असन तसं. मले एवढंच सांग, मानूस कोन?"

मी बाटलीचं झाकण फिरवत राहिले. त्या सुनेकडे वळल्या. "कागद ठेव पिशवीत. सही मी करत नाई. गाडी इकून टाकू."

"आई, सोमवारी तारीख आहे."

"असू दे. ज्या गाडीत कोन बसला ते ठाऊक नाई, त्या गाडीत माही पोट्टी बसनार नाई. अन् तू बी नाई."

"मंग खाऊ काय?"

"तुले शिकवलं कोनी गाडी? मले विचारून शिकली?"

किल्ली सुनीताच्या मुठीत होती आणि मूठ इतकी आवळलेली की बोटं पांढरी पडली होती. मी ती मूठ बघितली. मी गोंद पुसून टाकला असता, काच लखलखीत केली असती, तरी गिरजाबाई सही करणार नव्हत्या. त्यांना एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं आणि ते माझ्याकडे होतं. ते दिलं की माझी एकोणीस कामं खोटी ठरणार. मेलेल्या माणसांच्या घरच्यांना मी फसवलं, असंच लोक म्हणणार, आणि त्यात चूक काय असणार? अशी बातमी फुटली की वैशाली नगरात दुकान राहत नाही. आई आणि मी, आमचं पोटही त्याच दुकानावर.

मी बाटली खाली ठेवली. "आत या," म्हटलं. "दोघी या."

कॉम्प्युटरवर मी तो फोल्डर उघडला. गेटपास पडद्यावर मोठा केला. म्हटलं, "हे माझे बाबा. देवानंदभाऊंचे डोळे मिटलेले होते म्हणून मी यांचे बसवले. अजून अठरा जणांना बसवलेत. कुणाला सांगितलं नाही."

सुनीता मागे सरली. गिरजाबाई पुढे झाल्या. चष्मा पुसला, पुन्हा लावला. किती वेळ बघत होत्या सांगता येत नाही, कूलरचं पाणी संपून तो नुसता फडफडायला लागला होता.

"कुठचे?"

"लाखांदूरकडचे. इथे ठेक्यात होते."

"आहेत?"

"नाही. मी कॉलेजात असताना गेले."

"माह्या देवाचे डोळे कोनाले देले का तू?"

"नाही, मावशी."

"लेकराले मारत होते?"

"कधीच नाही."

"मंग असे कावून पाह्यतेत? कोनी मारून राहिल्यासारखे."

मी सांगितलं. पापणी लवली होती, फोटो बाद झाला होता, तीन दिवस काम गेलं होतं. नंतर कॅमेरा दिसला की ते डोळे ताणून धरायचे. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना ते साधंच वाटलं, पाच वाक्यांत संपलं.

गिरजाबाई खुर्चीवर बसल्या. नवऱ्याने पस्तीस वर्षं त्याच गेटातून ये-जा केली होती, पक्क्या नोकरीत. गेटबाहेर चपलेवर उभी राहणारी माणसं त्यांनी डबा देताना रोज बघितली असणार. त्या म्हणाल्या, "म्हंजे मेल्यावर बी या मानसाले तू डोळे मिटू देले नाई."

मी पडद्यावरचा गेटपास बंद केला.

"पूस," त्या म्हणाल्या. "तूच पूस. सुनीताले हात लावू देऊ नको."

मी कापड थिनरमध्ये भिजवलं. मिशी गेली, केस गेले. डोळ्यांशी हात थांबला. त्या शेजारी उभ्या होत्या. मी पुसले. काच कोरडी केली, ब्लेड फिरवलं, स्पिरिटने पुन्हा पुसली. उजेडात तिरपी मान करून बघितलं, डाग नव्हता.

गिरजाबाई वाकल्या आणि काचेवर तोंडाने वाफ सोडली. वाफेत दोन डोळे उमटले. ओलसर, राखाडी, उघडे. क्षणभर राहिले आणि वाफेबरोबर विरले.

"आहे अजून," त्या म्हणाल्या.

मला याचं कारण माहीत आहे. गोंदाचा हाताला न लागणारा थर काचेवर राहतो आणि वाफ त्याच्यावर वेगळी धरते. माहीत असूनही भर उन्हात माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. मी पुन्हा पुसलं. त्यांनी पुन्हा वाफ सोडली. पुन्हा आले, पण एकच, डावा. काचेची पॉलिश पावडर काढली, गोल गोल घासत राहिले, दंड भरून आले. तिसऱ्यांदा एक भुवई तेवढी. चौथ्यांदा वाफ आली आणि नुसतीच गेली. गिरजाबाईंनी आणखी एकदा करून बघितलं. मग पदराने काच पुसली, जशी एखाद्याची पाठ पुसतात.

"सही करीन," म्हणाल्या. "पन सोमवारच्या आत तू दोन घरी जाशीन. अन् मंग बाकीच्या सोळा. जसं मले सांगितलं तसंच सांगशीन. रसायन बिसायन नको सांगू."

मी शनिवारी दोन घरी गेले. पहिला भाजीचा टेम्पोवाला. त्याने ऐकून घेतलं, भावाच्या फोटोकडे गेला, परत आला. "दीदी, सात साल से यही मेरे भाई की आँखें हैं. अब वापस मत माँगो." दुसऱ्या घरात एका म्हातारीने माझ्या तोंडावर दार लावलं आणि आतून तिची सून ओरडत राहिली. दुकानाच्या पाटीवर दोनदा चिखल फेकला गेला. कोणी फेकला ते मी शोधलं नाही. एका घरी मात्र सगळे इतके हसले की मीही हसले. त्यांचा काका एका डोळ्याने तिरळा होता आणि मेल्यावर सरळ बघायला लागला म्हणून ते आधीपासूनच चकित होते.

अठरा घरं करायला पाच महिने लागले. अकरा गाड्यांवरचे फोटो मी काढले, काचा घासल्या, प्रत्येक काचेवर वाफ सोडून बघितली. त्यांना नवे करून दिले: लहान, दाराच्या पत्र्यावर, जेवढा फोटो स्पष्ट तेवढाच मोठा, आणि डोळे ज्याचे त्याचे, मिटलेले असतील तर मिटलेले. पाच घरांनी जुनेच ठेवा म्हणून सांगितलं. दोन गाड्या विकल्या गेल्या होत्या, त्या कुठे आहेत ते कळलं नाही. एक बालोदकडे गेली म्हणतात. कधी तिकडे जाणं झालं तर मी पुढच्या गाडीकडे बघते.

फोल्डर मी काढून टाकला. गेटपास घरी आईच्या पेटीत आहे. लोक म्हणतात, काम आधीसारखं जिवंत येत नाही. येत नाही, खरं आहे.

गिरजाबाईंनी रविवारी सही केली. सोमवारी शाळेच्या माणसाने व्हॅन तपासली, काच बघितली आणि मार्ग सुनीताला दिला. तिला आता तिसरं वर्ष चालू आहे. जुनवानीहून चौदा मुलं नेते आणि आणते, पिहूही त्याच गाडीत असते. गेल्या महिन्यात गिरजाबाईंनी गाडी सुनीताच्या नावावर करून दिली. नंबर तोच राहिला; नंबरप्लेटवरचं झिजलेलं विनाइल मीच नवं लावलं.